निकालाऐवजी रोजच्या कामावर आधारलेले नियोजन कसे करावे

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदाराला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही: ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर जे घड बाहेर पडतात ते ऑक्टोबरमध्ये तयार झालेले नसतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, नव्या फुटी निघतात आणि त्यानंतरच्या साधारण ४० ते ६० दिवसांत काडीवरच्या डोळ्यांमध्ये, म्हणजे अंकुरांमध्ये, सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या दिवसांत फुटींची गर्दी वेळेवर विरळ केली का, काडीला पुरेसे ऊन मिळाले का, शेंडा वेळेवर मारला का, पाणी आणि नत्र हात राखून दिले का, यांवर पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येणारा माल बऱ्याच अंशी ठरतो. मे महिन्याच्या उन्हात बागेत उभे राहिले तर मात्र यातले काहीही डोळ्यांना दिसत नाही. तेथे फक्त पाने असतात, आणि आज केलेल्या कामाचे फळ दिसायला नऊ-दहा महिने बाकी असतात.

अभ्यास असो, व्यवसाय असो, आरोग्य असो की कला, नियोजन याच धोरणाने करावे असे माझे म्हणणे आहे. निकाल काय हवा हे एकदा नीट ठरवावे; पण रोजचे वेळापत्रक, रोजची मोजणी आणि रोजचे समाधान हातातल्या कामावर आणि ते काम कोणत्या हेतूने व कोणत्या रीतीने करायचे यावर बांधावे. निकालाकडे ठरलेल्या दिवशीच पाहावे आणि तेही काम सुधारण्यासाठी. निकालाची पर्वा करू नये असा याचा अर्थ मुळीच नाही. ज्याला निकाल मनापासून हवा आहे त्याच्याचसाठी ही पद्धत आहे.

हातातले आणि हाताबाहेरचे

सुरुवात कोऱ्या कागदाने करावी. आपल्याला हवा असलेला निकाल पूर्ण वाक्यात लिहावा, त्याखाली दोन रकाने आखावेत आणि त्या निकालावर परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट, हातातली असेल तर डाव्या आणि हाताबाहेरची असेल तर उजव्या रकान्यात, लिहून काढावी. हे काम मनातल्या मनात करू नये, कारण मनात दोन्ही रकाने एकमेकांत मिसळतात आणि रात्रीची झोप नेहमी उजव्या रकान्यापायी उडते.

लासलगावच्या बाजारात उन्हाळ कांदा नेणाऱ्या शेतकऱ्याचे वाक्य “कांद्याला चांगला भाव मिळावा” असे असेल. त्याच्या उजव्या रकान्यात बाजारातील आवक, इतर राज्यांतील पीक आणि सरकारी धोरण येते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्यात बंद केली, मे २०२४ मध्ये ती बंदी उठवली आणि त्यानंतर कमी होत आलेले २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकले. यातली एकही तारीख रोपे लावताना हिशेबात धरता येण्यासारखी नव्हती. डावा रकाना मात्र बराच लांब निघतो: काढणीआधी पाणी कधी तोडायचे, काढलेला कांदा पातीसह शेतात नीट सुकू द्यायचा का, मान थोडी लांब ठेवून कापायची का, जोड आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) कांदे आधीच बाजूला काढायचे का, साठवणीच्या कांदाचाळीत हवा खेळती आहे का. डाव्या रकान्यातली ही कामे नीट झाली तर चाळीतली सड कमी होते, आणि सड कमी झाली तर पडत्या भावात घाईने माल काढावा लागत नाही. भाव हातात येत नाही, पण थांबण्याची ताकद हातात येते, आणि व्यवहारात तिची किंमत मोठी असते.

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याचा कागद असाच निघतो. जागा किती निघतील, जाहिरात कधी येईल, परीक्षा पुढे जाईल का, गुणांची रेषा कोठे ओढली जाईल, हे सारे उजवीकडे जाते. क्रमांक हा तर मुळातच इतरांवर अवलंबून असतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० सालच्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले आणि पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच प्रकारात रौप्यपदक मिळवले. तेथे सुवर्ण भारताच्याच प्रीजा श्रीधरन यांना मिळाले. शर्यतीत आणखी कोण उतरले आहे आणि त्या दिवशी ते कसे धावणार आहे, हे कोणत्याही धावपटूला ठरवता येत नाही. सराव, आहार, विश्रांती आणि स्वतःची गती मात्र ठरवता येते.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. कधीकधी आपण हातातली गोष्टही सोयीने उजव्या रकान्यात टाकतो. “माझे इंग्रजी कच्चे आहे”, “घरात जागा नाही”, “वेळच मिळत नाही” अशी वाक्ये उजवीकडे लिहिली गेली असतील तर ती एकदा पुन्हा वाचावीत आणि प्रत्येकाखाली निदान एक तरी छोटी कृती सुचते का ते पाहावे. बहुतेक वेळा सुचते.

हेतू लिहावा तो कसा

डावा रकाना तयार झाला की त्याच्या वर एक किंवा दोन वाक्यांत हेतू लिहावा. निकाल सांगतो की कोठे पोहोचायचे आहे. हेतू सांगतो की वाटेवर आपण कसे वागणार आहोत. “मी राज्यसेवेत निवडला जाईन” हा निकाल झाला. “जे वाचेन ते दुसऱ्याला समजावून सांगता येईल इतके समजून घेईन, आणि जे समजले नाही ते समजल्यासारखे दाखवणार नाही” हा हेतू झाला. नाशिकच्या मेन रोडवरच्या छोट्या दुकानदाराचा हेतू असा असू शकतो: “दुकानात आलेल्या माणसाला हवी असलेली वस्तू माझ्याकडे नसेल तर ती कोठे मिळेल हे सांगूनच त्याला परत पाठवीन.” यात उलाढालीचा आकडा नाही, पण उलाढाल वाढायची असेल तर ती अशाच वागण्यातून वाढते.

हेतू बरोबर जमला आहे की नाही हे तपासायचे असेल तर स्वतःला विचारावे की तो आजच्या आज पाळता येतो का, वाईट दिवशीही पाळता येतो का, आणि निकाल मनाविरुद्ध लागला तरी तो पाळल्याचे समाधान राहील का. तिसऱ्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. निकाल हुकल्यावर जो हेतू निरर्थक वाटू लागतो तो हेतूच नव्हता. तो वेगळ्या शब्दांत लिहिलेला निकालच होता, आणि असा हेतू अवघड दिवशी माणसाला सोडून जातो.

हेतू दुसऱ्याला दाखवण्यासाठी लिहू नये. भिंतीवर लावण्याची तर काहीच गरज नाही. वहीच्या पहिल्या पानावर तो पुरेसा आहे.

हेतूचे रोजच्या कृतीत रूपांतर

हेतू कितीही प्रामाणिक असला तरी तो सकाळी सहा वाजता माणसाला उठवत नाही. त्यासाठी त्याला वेळ, जागा आणि निमित्त यांची जोड द्यावी लागते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात यावर सविस्तर काम केले. “मी अभ्यास वाढवीन” असे नुसते ठरवण्यापेक्षा “अमुक घडले की मी अमुक करीन” अशा जर-तर स्वरूपात ठरवलेली कृती प्रत्यक्षात होण्याची शक्यता अधिक असते, असे त्यांच्या आणि नंतरच्या अनेक अभ्यासांतून दिसले आहे. याचे कारण सरळ आहे. कृती करायची की नाही हा निर्णय आधीच झालेला असतो. ठरलेली वेळ किंवा खूण समोर आली की मनाला पुन्हा वाद घालावा लागत नाही.

म्हणून प्रत्येक कृती अशी लिहावी: “सकाळचा चहा झाला की अभ्यासिकेत माझ्या जागेवर बसून आधी काल वाचलेले पुस्तक न उघडता लिहून काढीन.” “दुकानाचे शटर अर्धे खाली आले की दिवसभराची उधारी वहीत चढवीन.” “सहाची बस चुकली तर गोल्फ क्लब मैदानाला दोन फेऱ्या मारूनच घरी येईन.” शेवटचे वाक्य मुद्दाम दिले आहे, कारण अडचण आल्यावर काय करायचे हेही याच पद्धतीने आधी ठरवता येते, आणि बहुतेकांचे नियोजन नेमके तेथेच कोसळते.

लियन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोगही येथे उपयोगी आहे. परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना उत्तम गुण मिळाल्याचे चित्र रोज मनात आणायला सांगितले, तर काहींना आपण प्रत्यक्ष अभ्यास कसा करतो आहोत, म्हणजे कोठे बसलो आहोत, कोणते प्रकरण उघडले आहे, दूरदर्शन कसे बंद केले आहे, याचे चित्र मनात आणायला सांगितले. दुसऱ्या गटाने अभ्यासाला लवकर सुरुवात केली आणि त्यांना गुणही अधिक मिळाले. लाल दिव्याच्या गाडीचे चित्र डोळ्यांसमोर आणणाऱ्या प्रत्येक मुलाला हा प्रयोग कोणीतरी समजावून सांगावा असे मला मनापासून वाटते.

कृतीचे माप ठरवताना दोन मापे ठरवावीत: नेहमीच्या दिवसाचे आणि किमान. नेहमीचे माप दोन तासांचे असेल तर किमान माप वीस मिनिटांचे असावे. पाहुणे आले, ताप आला, कुंभमेळ्याच्या गर्दीने पंचवटीतून बाहेर पडता आले नाही, तरी किमान माप पूर्ण होईल इतके ते लहान ठेवावे.

वहीत काय नोंदवावे

नोंद हा या पद्धतीचा कणा आहे आणि सर्वांत जास्त चुका येथेच होतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. दिवसाच्या नोंदीत फक्त कृती आणि ती करताना लक्षात आलेली गोष्ट लिहावी. निकालाचा आकडा लिहू नये.

अभ्यासिकेत बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीचे एक पान कसे असावे ते पाहू. वर तारीख. खाली: “पंचायतराज, ७३ वी घटनादुरुस्ती. वाचन झाले. पुस्तक मिटून लिहिले. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली हे आठवले. ग्रामसभेचे कलम २४३-क आणि पंचायतींच्या मुदतीचे २४३-ङ यांची अदलाबदल झाली. उद्या सुरुवात येथून.” पान एवढ्यावर संपते. किती तास बसलो हे नाही, सराव चाचणीत कितवा आलो हे नाही, शेजारच्याचे किती झाले हे तर नाहीच. पण या पानावरून उद्या सकाळी काय करायचे ते निश्चित कळते, आणि तासांचे आकडे लिहिलेल्या पानावरून ते कधीच कळत नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली असल्यामुळे पुस्तक मिटून लिहिण्याच्या या कृतीचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

बागायतदाराच्या वहीत याच धर्तीवर फवारणीची तारीख, त्या दिवशीचे हवामान, वेलीची अवस्था आणि पानांच्या खालच्या बाजूला काय दिसले ते असावे. “फुलोऱ्याआधीची अवस्था, पहाटे दव, खालच्या पानांवर डाऊनीचा (केवडा रोगाचा) एक तेलकट ठिपका, तिसरी ओळ, पश्चिमेकडचे टोक” अशी एक ओळ पुढच्या हंगामात भावाच्या दहा नोंदींपेक्षा जास्त कामाला येते.

नोंद रोज त्याच वेळी करावी आणि पाच मिनिटांहून जास्त वेळ घेऊ नये. वही सुंदर ठेवण्याचा नाद लागला तर तेच काम होऊन बसते.

निकाल कधी आणि कसा पाहावा

प्रत्येक निकालाला स्वतःची एक मुदत असते आणि त्या मुदतीआधी तो पाहिला तर काहीच कळत नाही. मधुमेहासाठी करतात ती एचबीएवनसी चाचणी मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी सांगते, त्यामुळे ती दर आठवड्याला करून उपयोग नसतो. डॉक्टरांनी घरी रोज साखर तपासायला सांगितली असेल तर ती गोष्ट वेगळी आणि ती पाळलीच पाहिजे. वजनाचा काटा मीठ, पाणी आणि जेवणाच्या वेळेमुळेही एका दिवसात वरखाली होतो. अभ्यासासाठी महिन्यातून एक पूर्ण सराव चाचणी, दुकानासाठी महिन्याचा हिशेब, वजनासाठी आठवड्याचा एक ठरलेला दिवस, आणि बागेसाठी छाटणी, फुलोरा, काढणी हे टप्पे, अशी मुदत आधीच वहीत लिहून ठेवावी आणि मधल्या काळात निकालाकडे फिरकू नये.

त्या दिवशी वही आणि निकाल शेजारी ठेवून आधी विचारावे की ठरवलेले काम झाले का. झाले नसेल तर निकालावर विचार करत बसण्यात अर्थ नाही. काम का झाले नाही तेवढेच शोधावे. काम झाले आणि निकालही चांगला आला तर पद्धत तशीच चालू ठेवावी. काम झाले पण निकाल हलला नाही, तर आधी उजव्या रकान्याकडे पाहावे. काढणीच्या तोंडावर गारपीट झाली असेल तर त्याचा दोष एप्रिल छाटणीनंतरच्या शेंडा मारण्याला देणे चूक ठरेल, आणि त्या रागात चांगली पद्धत मोडून टाकणे ही दुसरी चूक ठरेल. उजव्या रकान्यात काही सापडले नाही तरच पद्धतीत बदल करावा, तोही एका वेळी एकच, म्हणजे कशाने फरक पडला ते पुढच्या वेळी कळेल.

सर्वांत धोक्याची स्थिती मात्र चौथी आहे: काम झाले नाही आणि निकाल चांगला आला. एखाद्या वर्षी पोंगा अवस्थेतली, म्हणजे छाटणीनंतर कोंब नुकता बाहेर येतानाची, फवारणी चुकते, हवा कोरडी राहते, डाऊनी येत नाही आणि खर्चही वाचतो. मग पुढच्या वर्षी ती फवारणी जाणूनबुजून टाळली जाते, आणि त्या वर्षी नेमका अवकाळी पाऊस लागून राहतो. नशिबाने आलेल्या चांगल्या निकालाखाली वहीत स्पष्ट लिहावे की हे आपल्या कामाचे फळ नाही. असे लिहिणे जड जाते, पण ते लिहिणाऱ्याची पद्धत टिकते.

निकाल कधीच समोर ठेवू नये का? बॅरी झिमरमन आणि अनास्तासिया कित्सांतास यांनी १९९७ साली शाळकरी मुलींना लक्ष्यावर हाताने छोटे बाण (डार्ट) फेकायला शिकवून याचा अभ्यास केला. ज्या मुलींनी आधी फेकण्याच्या कृतीवर लक्ष दिले आणि ती अंगवळणी पडल्यावर मग गुणांकडे लक्ष वळवले, त्यांची कामगिरी सर्वांत चांगली झाली. फक्त गुणांकडे पाहणाऱ्या मुली मागे राहिल्या. यावरून मी एवढा नियम धरतो की नवी गोष्ट शिकत असताना निकाल दूर ठेवावा, आणि हात बसल्यावर तो हळूहळू जवळ आणावा. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी दाखवल्याप्रमाणे स्पष्ट व आव्हानात्मक उद्दिष्टाने कामगिरी सुधारते, आणि परिचित कामात हा अनुभव अनेकांना येतो. कर्जाचा हप्ता, कराची तारीख, ऑर्डर पोहोचवण्याची मुदत अशा बाबतींत तर निकाल रोजच समोर असला पाहिजे. तेथे हेतूची भाषा बोलून चालत नाही.

दिवस चुकला तर

फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९६ जणांनी रोजची एक नवी सवय लावून घेण्याचा प्रयत्न केला. सवय अंगवळणी पडायला काहींना १८ दिवस पुरतील तर काहींना २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला, मधले मूल्य ६६ दिवसांचे होते, आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष अडथळा आला नाही. तेव्हा चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट काम करून करू नये. वहीत “झाले नाही” एवढे लिहावे, कारण एका ओळीत नोंदवावे, आणि दुसऱ्या दिवशी किमान मापापासून सुरुवात करावी.

घरच्यांशी बोलणे आणि थांबण्याची तारीख

ही पद्धत एकट्याने पाळणे अवघड जाते, कारण आजूबाजूचे सगळे निकालच विचारतात. लग्नकार्यात भेटलेले काका “यंदा तरी होणार ना?” असे विचारतात ते आपुलकीने, पण त्याने उजवा रकाना पुन्हा डोक्यात शिरतो. आई-वडिलांनी मुलाला संध्याकाळी “किती मार्क पडले?” असे विचारण्याऐवजी “आज काय नवे समजले आणि कोठे अडलास?” असे विचारावे, आणि उत्तर आले की त्यावर लगेच उपदेश करू नये. मुलानेही घरच्यांना आपला हेतू आणि निकाल पाहण्याचे दिवस आधीच सांगावेत, म्हणजे त्यांची काळजी त्या दिवसापुरती तरी एका ठिकाणी बसते.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रोजच्या कामात समाधान मानण्याची सवय लागली की चुकीच्या वाटेवरही वर्षानुवर्षे शांतपणे चालत राहण्याचा धोका असतो. राज्यसेवेसाठी कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे असल्यामुळे नियम कोणाला लवकर थांबवत नाहीत, आणि अभ्यासिकेत तिशी ओलांडलेली मुले-मुली त्याच पुस्तकांसमोर बसलेली दिसतात तेव्हा त्यांच्या कष्टांबद्दल आदर वाटतो आणि काळजीही वाटते. म्हणून तयारी सुरू करतानाच, मन शांत असताना, दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: किती प्रयत्न प्रामाणिकपणे पूर्ण झाल्यावर आपण ही वाट सोडणार आहोत, आणि त्यानंतर कोणते काम हाती घेणार आहोत. व्यवसायात हीच नोंद भांडवलाच्या रकमेत करावी. बागेत जुना वाण ठेवायचा की काढायचा याचा निर्णय किती हंगामांनंतर घ्यायचा ते लिहावे. ही नोंद घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला दाखवून त्याच्याकडे एक प्रत ठेवावी, आणि ती वेळ आली की त्याने ती आठवण करून द्यावी अशी आधीच परवानगी द्यावी.